१९७१ ची पूर्वेकडची मोहीम: ढाक्यापर्यंत आपण इतक्या लवकर पोचलो कसे?

"१३ दिवसांत पाकिस्तानचे दोन तुकडे केले" हे आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते १३ दिवस म्हणजे काहीतरी चमत्कारच होता असं वाटायला लागतं. मला ते मनापासून खटकतं. चमत्कार म्हटलं की त्याआधीची आठ महिन्यांची तयारी, आसाम-त्रिपुराच्या चिखलात रस्ते बांधणारी माणसं, होड्या घेऊन रात्री नदीवर आलेले बंगाली कोळी आणि शेतकरी, हे सगळेच बाजूला पडतात. म्हणून ही मोहीम आखली कशी आणि प्रत्यक्षात घडली कशी ते नीट, सोप्या भाषेत लिहायचं खूप दिवस मनात होतं. पश्चिम आघाडी, म्हणजे लोंगेवाला, बसंतर, कराचीवरचा हल्ला, हे सगळं इथे बाजूला ठेवतोय, फक्त पूर्वेकडचं बघू.

आधी नकाशा बघा, खरंच, मोबाईलवर बांगलादेशचा नकाशा उघडून ठेवा, कारण त्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानला तीन बाजूंनी भारत आणि खाली बंगालचा उपसागर. पश्चिम पाकिस्तान तिथून साधारण १६०० किलोमीटर लांब आणि मध्ये अख्खा भारत. त्यात जानेवारी १९७१ च्या शेवटी 'गंगा' नावाचं आपलं विमान हायजॅक करून लाहोरला नेलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे जाळलं गेलं आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून उडायला बंदी घातली, त्यामुळे कराचीहून ढाक्याला जायचं तर थेट श्रीलंकेला वळसा घालून जावं लागायचं. म्हणजे युद्धाला तोंड फुटायच्या कितीतरी आधीच कुमक आणि रसद पोचवणं त्यांना महाग पडायला लागलं होतं.

आता नद्या. गंगा बांगलादेशात शिरली की पद्मा होते, ब्रह्मपुत्रा खाली उतरली की जमुना होते (ही आपली दिल्लीची यमुना नव्हे), आणि सिल्हेटकडून मेघना येते. या तीन नद्यांनी त्या प्रदेशाचे चार तुकडे केलेत. वायव्येला रंगपूर-बोगरा, नैर्ऋत्येला जेसोर-खुलना, पूर्वेला सिल्हेट-कोमिल्ला-चितगाव आणि मधोमध ढाका. नद्या म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येतात तशा नाहीत, समोरचा काठ दिसत नाही अशा. जमुनेवर तर तेव्हा एकसुद्धा पूल नव्हता. पश्चिम बंगालमधून घुसलात तर ढाक्याआधी पद्मा किंवा जमुना आडवी येणार, त्रिपुरातून घुसलात तर मेघना. मोठी नदी न ओलांडता ढाक्याला जायचं असेल तर एकच वाट उरते, उत्तरेकडून, मेघालयातल्या तुरा गावाच्या बाजूने जमालपूर, तंगाईल आणि मग ढाका. तिथेही जुनी ब्रह्मपुत्रा लागते, पण ती त्या मानाने लहान. गंमत म्हणजे याच सगळ्यात सोयीच्या वाटेवर भारताचं सैन्य सगळ्यात कमी होतं, कारण मेघालयाच्या बाजूचे रस्ते मोठ्या फौजेचं ओझं पेलण्याजोगे नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली, युनिव्हर्सिटीच्या होस्टेलांपासून झोपडपट्ट्यांपर्यंत. निर्वासितांचे लोंढे भारतात यायला लागले आणि वर्षअखेरपर्यंत आकडा एक कोटीच्या घरात गेला. एकट्या त्रिपुरात तिथल्या लोकसंख्येच्या जवळपास तितकेच निर्वासित होते. त्यांचा खर्च सगळ्या देशाने उचलला, यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते, आणि त्या वर्षाच्या शेवटी पत्रावर ५ पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लावावं लागायचं ते आपल्याकडच्या जुन्या पिढीला अजून आठवतं. तेव्हा देशात सगळीकडून दबाव होता की आत्ताच्या आत्ता सैन्य घुसवा.

सैन्य एप्रिलमध्ये का घुसलं नाही? लष्करप्रमुख माणेकशॉ पुढे अनेक भाषणांत सांगायचे की कॅबिनेटसमोर त्यांनी सरळ नाही म्हटलं. त्या बैठकीच्या बारकाव्यांवर इतिहासकारांमध्ये वाद आहेत, पण दिलेली कारणं पक्की आहेत. पहिलं म्हणजे पावसाळा. जूनपासून तिथे शेतं आणि नद्या एकच होतात, रणगाडा सोडा, साधा ट्रक रस्त्यावरून खाली उतरवता येत नाही. दुसरं म्हणजे चीन. हिमालयातल्या खिंडी उन्हाळ्यात उघड्या असतात, चीनने पाकिस्तानसाठी हालचाल केली तर दोन आघाड्या सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतील, आणि त्याच खिंडी डिसेंबरमध्ये बर्फाने बंद झाल्या की तिथल्या काही डोंगरी डिव्हिजन (डिव्हिजन म्हणजे हजारो सैनिकांची मोठी फौज, तिच्यात काही ब्रिगेड असतात) खाली आणता येतात. तिसरं म्हणजे तयारीच नव्हती. ज्या पूर्वेकडून सगळ्यात मोठा हल्ला करायचा त्या त्रिपुरात रेल्वे फक्त धर्मनगरपर्यंत, तीही मीटरगेज, पुढे सगळं रस्त्याने. तीन डिव्हिजन लढवायच्या म्हणजे दारूगोळा, इंधन, धान्य, पुलांचं सामान, हॉस्पिटलं, हे सगळं त्या एका कच्च्या वाटेने आत न्यायचं होतं. उन्हाळा आणि पावसाळा हे काम चाललं, आणि मला विचाराल तर अर्धं युद्ध तिथेच जिंकलं गेलं.

याच काळात दिल्लीने दुसरी तयारी केली ती राजकारणाची. ९ ऑगस्टला सोव्हिएत युनियनबरोबर करार झाला. त्याचा लष्कराला काय उपयोग, असं वाटेल, पण तो फार मोठा होता आणि त्यासाठी या मोहिमेचं घड्याळ समजून घ्यावं लागतं.

हे घड्याळ न्यूयॉर्कला होतं. युद्ध सुरू झालं की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव येणार हे सगळ्यांना माहीत होतं, १९६५ चं युद्ध तसंच थांबलं होतं. ठराव पास झाला की सैन्य जिथे असेल तिथे थांबणार, ढाका पाकिस्तानकडेच राहणार, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालणार आणि एक कोटी माणसं आपल्या छावण्यांमध्ये तशीच पडून राहणार. म्हणजे जे करायचं ते दोन-तीन आठवड्यांत. सोव्हिएत युनियनकडे व्हेटो होता, तो वापरून ते घड्याळ थोडं मागे ढकलता येणार होतं, पण कायमचं थांबवता येणार नव्हतं. या मोहिमेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतो: वेळ किती आहे?

समोरच्या बाजूला पूर्वेकडच्या पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख जनरल नियाझी होते आणि त्यांना मूर्ख ठरवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्यांचा हिशोब आधी समजून घेऊ. त्यांच्याकडे तीन पूर्ण डिव्हिजन आणि घाईने उभ्या केलेल्या आणखी दोन, सीमा प्रचंड लांब, आणि भोवतालची जनता शत्रू झालेली. त्यांना धास्ती होती की भारत सीमेलगतचा एखादा पट्टा घेईल, तिथे बांगलादेशचं सरकार बसवेल आणि जगाला म्हणेल, हे बघा स्वतंत्र राष्ट्र. तसं होऊ नये म्हणून त्यांनी सैन्य सीमेवर सगळीकडे पसरलं आणि मागच्या मोठ्या गावांना 'किल्ले' बनवलं. जेसोर, खुलना, बोगरा, रंगपूर, दिनाजपूर, जमालपूर, मैमनसिंग, सिल्हेट, कोमिल्ला, चितगाव वगैरे. सीमेवर लढायचं, ७५ टक्के माणसं पडल्याशिवाय मागे हटायचं नाही, मग किल्ल्यात येऊन लढायचं आणि युद्धबंदी होईपर्यंत तग धरायचा. त्यांच्या दृष्टीने वेळ त्यांच्या बाजूने होता. शिवाय रावळपिंडीचं, म्हणजे पाकिस्तानी लष्करी मुख्यालयाचं, जुनं धोरणच होतं की पूर्वेचं रक्षण पश्चिमेत होईल, म्हणजे पंजाब-काश्मीरमध्ये भारताचा इतका मुलूख घ्यायचा की पूर्वेचा सौदा करता येईल.

या आखणीत एक मोठं भोक होतं. सैन्य सीमेवर आणि किल्ल्यांमध्ये वाटल्यामुळे ढाक्यासाठी राखीव फौज जवळपास उरलीच नाही, आणि एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्याच्या मदतीला जायचं तर मध्ये नद्या, नद्यांवर मुक्तिबाहिनी (बंगाली स्वातंत्र्यसैनिकांची फौज) आणि आकाशात भारतीय विमानं.

भारताची चाल याच भोकावर नेम धरून होती. पूर्व कमांडचे प्रमुख जगजितसिंग अरोरा, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ जेकब (हेच जेकब पुढे गोव्याचे राज्यपाल झाले). चारही बाजूंनी एकदम घुसायचं, म्हणजे शत्रूला मुख्य हल्ला कुठला तेच कळू नये. पक्के रस्ते सोडून बांधांवरून, शेतांमधून, गावकरी दाखवतील त्या वाटेने जायचं. किल्ला लागला की त्याच्यासमोर थोडी माणसं ठेवायची आणि बाकीच्यांनी बगल देऊन त्याच्या मागच्या रस्त्यावर जाऊन बसायचं, कारण मागची वाट तुटली की खंदकात बसलेल्या माणसाचं निम्मं बळ तिथेच जातं.

हे कागदावर सोपं वाटतं. न जमल्यावर काय होतं ते हिलीला दिसलं. वायव्येकडचं हे सीमेवरचं रेल्वे स्टेशन, तिथे पाकिस्तानची ४ फ्रंटियर फोर्स ही पलटण पक्के बंकर बांधून बसली होती. नोव्हेंबरच्या शेवटी समोरून हल्ला केला आणि दलदलीत, मशीनगनच्या माऱ्यात आपल्या ८ गार्ड्स पलटणीचं एकाच रात्रीत फार मोठं नुकसान झालं. हिली पुढचे दोन आठवडे पडलीच नाही. मग त्याच भागात ब्रिगेडियर जोगिंदरसिंग बक्षींची ३४० ब्रिगेड रणगाडे घेऊन हिलीला वळसा घालून आत शिरली आणि ७ डिसेंबरला रंगपूर-बोगरा रस्त्यावर पीरगंजला जाऊन बसली. पाकिस्तानच्या १६ डिव्हिजनचे मेजर जनरल नझर हुसेन शाह त्याच रस्त्याने चालले होते, ते थोडक्यात निसटले. डिव्हिजनचा प्रमुखच आपल्या पिछाडीला शत्रूच्या हातात सापडता सापडता वाचतो, मग खाली सैनिकांच्या मनात काय होत असेल ते बघा. एकाच भागातल्या या दोन लढाया शेजारी ठेवल्या की सगळी मोहीम समजते.

जेसोरला तर किल्ला लढलाच नाही. नैर्ऋत्येकडून आपली २ कोअर (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज) आली, आजूबाजूचे रस्ते तुटायला लागले आणि ७ डिसेंबरला भारतीय सैन्य कँटोनमेंटमध्ये पोचलं तर ती रिकामी होती. मात्र तिथलं सैन्य खुलन्याकडे गेलं आणि तिथे शेवटपर्यंत चिवटपणे लढलं, त्यामुळे आपली एक डिव्हिजन त्यांच्यामागे अडकून पडली, हेही सांगायला हवं.

आता मुक्तिबाहिनी. यांच्याबद्दल आपल्याकडे दोन ओळी लिहून पुढे जातात, पण त्यांच्याशिवाय ही मोहीम उभीच राहिली नसती. कर्नल उस्मानींच्या हाताखाली सगळा देश ११ सेक्टरमध्ये वाटलेला, पाकिस्तानी सैन्यातून बंड करून आलेले बंगाली सैनिक आणि त्यांच्या जोडीला कॉलेजची पोरं, शेतकरी. पूल उडव, रेल्वे उखड, एकटीदुकटी गाडी गाठ, रात्री चौकीवर गोळीबार करून पसार हो, असा अस्सल गनिमी कावा सात-आठ महिने चालला. डिसेंबर येईपर्यंत पाकिस्तानी सैनिक झोपेविना थकलेला होता आणि अंधार पडल्यावर छावणीबाहेर पडायला धजत नव्हता.

त्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. पलाशीला, भागीरथीच्या काठावर, बंगाली तरुणांना पाणबुड्यांचं ट्रेनिंग दिलं गेलं, पोटाशी सुरुंग बांधून रात्री नदीतून पोहायचं, जहाजाच्या बुडाला तो चिकटवायचा आणि परत यायचं. ऑगस्टमध्ये या पोरांना लुंगी-बनियनमध्ये, सामान लपवत, चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजपर्यंत पाठवलं. वायरलेस पकडला जाईल म्हणून इशारा रेडिओवरून, आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर ठरलेलं एक गाणं लागलं की तयारीला लागायचं आणि दुसरं लागलं की त्या रात्री हल्ला. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चारही बंदरांत एकाच रात्री स्फोट झाले आणि जहाजं बुडाली. पाकिस्तान तोपर्यंत जगाला सांगत होता की सगळं सुरळीत आहे, त्यानंतर परदेशी जहाजं तिथे यायला कचरायला लागली.

युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं असं आपण म्हणतो, कारण त्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ला केला. पण पूर्वेकडे भारतीय सैन्य २०-२१ नोव्हेंबरपासूनच सीमेपलीकडे लढत होतं, बोयऱ्याजवळच्या गरीबपूरला रणगाड्यांची लढाई झाली, २२ तारखेला वर आकाशात आपल्या नॅट विमानांनी पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. बांगलादेश आजही २१ नोव्हेंबर हा सशस्त्र दल दिन पाळतो. हे मोकळेपणाने मान्य करायला हरकत नसावी, कारण डावपेच म्हणून त्याला अर्थ होता, मुख्य हल्ल्याआधी सीमेपलीकडे पाय रोवायला जागा मिळाली आणि नियाझींनी होतं नव्हतं ते आणखी सीमेकडे ढकललं.

हवाई दल आणि नौदलाचं काम थोडक्यात सांगतो, महत्त्व मात्र कमी नाही. ढाक्यात पाकिस्तानची एकच फायटर स्क्वाड्रन होती, ती तेजगाव विमानतळावर. धावपट्टीवर रोज बॉम्ब पडायचे, रात्री ते खड्डे बुजवायचे, शेवटी मिग-२१ विमानांनी जड बॉम्ब टाकून असे खड्डे पाडले की ६-७ डिसेंबरनंतर तिथून एकही फायटर उडालं नाही. तिकडे विक्रांत जहाजावरची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करत होती, समुद्राची वाट बंद. म्हणजे चौथ्या दिवशीच वरून आणि मागून दोन्ही दारं लागली, आणि आता आपली हेलिकॉप्टरं आणि मालवाहू विमानं दिवसाढवळ्या बिनधास्त उडू शकत होती. पुढच्या दोन्ही गोष्टी यामुळेच शक्य झाल्या.

पहिली गोष्ट मेघनेची. पूर्वेला ४ कोअर, प्रमुख लेफ्टनंट जनरल सगतसिंग, १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ५० पॅरा ब्रिगेड घेऊन पणजीपर्यंत गेलेले तेच. त्यांचं मूळ काम मेघनेच्या पूर्वेकडचा भाग ताब्यात घेणं. अखौरा पडलं, ब्राह्मणबारिया शत्रूने सोडलं, आणि आशुगंज ते भैरबबाजार हा मेघनेवरचा मोठा रेल्वे पूल समोर दिसायला लागला. ९ डिसेंबरला आपली पुढची तुकडी घाईने पुढे गेली, तिथे जोरदार मार बसला आणि पाकिस्तान्यांनी पूल उडवला. भैरबबाजारला त्यांच्या १४ डिव्हिजनचं सैन्य निर्धास्त बसलं, कारण समोर एवढी मोठी नदी, पूल तुटलेला, आता भारतीय पूल बांधायला आठवडे घेणार.

सगतसिंगांनी पूल बांधायचा विचारच सोडून दिला. त्यांच्याकडे एमआय-४ जातीची जेमतेम डझनभर हेलिकॉप्टरं होती, ती आधी सिल्हेटला गोरखा पलटण उतरवायला वापरून झाली होती आणि ग्रुप कॅप्टन चंदनसिंग त्यांचं काम बघत होते. ठरलं की भैरबबाजारच्या दक्षिणेला, नदीपलीकडे रायपुऱ्याला थेट माणसं उतरवायची. ९ तारखेलाच संध्याकाळपासून ४ गार्ड्सचे जवान पलीकडे जायला लागले. एका खेपेत मोजकीच माणसं मावायची, त्यामुळे हेलिकॉप्टरं रात्रभर ये-जा करत राहिली, अंधारात, खाली उतरायची जागा टॉर्च लावून दाखवलेली. मागोमाग आणखी पलटणी. तोफा, दारूगोळा आणि बाकीचं सैन्य होड्यांमधून, त्या होड्या गावकऱ्यांच्या, वल्हवणारेही तेच. पीटी-७६ नावाचे पाण्यात पोहणारे हलके रणगाडे नदीत घातले तर पात्र इतकं रुंद की मध्येच इंजिनं तापली, मग गावकऱ्यांनी दोर बांधून ते होड्यांनी ओढत नेले. पलीकडे गेल्यावर गाड्या नाहीत, तर सायकलरिक्षा, बैलगाड्या, माणसांची डोकी, जे मिळेल त्यावरून सामान पुढे. दोन-तीन दिवसांत नरसिंगदी हातात आलं आणि ढाका टप्प्यात. भैरबबाजारची फौज जिथे होती तिथेच बसून राहिली, कोणी तिच्याशी लढलंसुद्धा नाही.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. हा निर्णय दिल्लीत किंवा कोलकात्यात बसून घेतलेला नव्हता. नदीकाठी उभ्या असलेल्या सेनापतीने संधी बघितली आणि जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. शिवाय गावकऱ्यांनी पाठ फिरवली असती तर एवढ्याशा हेलिकॉप्टरांवर ही गोष्ट तडीला गेली नसती.

दुसरी गोष्ट उत्तरेची, ती सोयीची पण कमी सैन्याची वाट, आणि इथे मराठी पलटणींचा थेट संबंध येतो. आधी सीमेवर कमालपूरची चौकी, तिथे पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीचा कॅप्टन अहसान मलिक आपल्या मूठभर माणसांसह ४ डिसेंबरपर्यंत इतका टिकून लढला की शरण आल्यावर खुद्द माणेकशॉंनी त्याचं कौतुक केलं. मग जमालपूर. ब्रिगेडियर क्लेर यांच्या ९५ ब्रिगेडने समोरून धडका मारण्याऐवजी जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि १ मराठा लाइट इन्फंट्रीला, म्हणजे जंगी पलटणीला, गावाच्या दक्षिणेला ढाक्याच्या रस्त्यावर आणून बसवलं. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार.

क्लेर यांनी ९ डिसेंबरला आतल्या ३१ बलुचच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूदला पत्र पाठवलं, चहूबाजूंनी वेढलाय, उगाच माणसं मारू नका, शरण या. पत्र घेऊन गेलेला माणूस मुक्तिबाहिनीचा, त्याला आत मारहाण झाली, पण तो उत्तर घेऊन परत आला. उत्तराच्या कागदात बंदुकीची एक गोळी गुंडाळलेली होती आणि मजकूर असा की लेखणी तुम्ही छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा. पुढच्या रात्री, १० आणि ११ च्या मधली, बलुच पलटण अंधारात निसटायला निघाली आणि सरळ मराठ्यांच्या मोर्चांवर आली. रात्रभर लढाई झाली. सकाळी रस्त्यावर आणि शेतात बलुच सैनिकांचा खच पडला होता, आत उरलेल्यांनी शस्त्रं खाली ठेवली, स्वतः महमूद थोडी माणसं घेऊन निसटला. तो शूर होता यात शंका नाही, पण शौर्याने मागचा तुटलेला रस्ता जोडता येत नाही.

त्याच दुपारी, ११ डिसेंबरला, साडेचारच्या सुमाराला तंगाईलजवळ आकाशात छत्र्या दिसायला लागल्या. २ पॅरा, ही मुळातली मराठा पलटण, साधारण सातशे-साडेसातशे जवान, सोबत तोफा आणि जीप. काम एकच, लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरायचा आणि मैमनसिंग-जमालपूरहून ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानच्या ९३ ब्रिगेडची वाट अडवायची. खाली आधीच तयारी होती, कॅप्टन पी. के. घोष यांना कितीतरी दिवस आधी कादेर सिद्दिकींच्या मुक्तिबाहिनीकडे गुपचूप पाठवलेलं, तंगाईलचा हा भाग सिद्दिकींच्या हजारो लढवय्यांच्या ताब्यात. जवान उतरले तेव्हा गावकरी 'जय बांगला' ओरडत धावत आले आणि शेतात, तळ्यांमध्ये विखुरलेलं सामान त्यांनी उचलून आणून दिलं. अंधार पडता पडता पूल हातात आला आणि रात्री परतणारी पाकिस्तानी तुकडी त्याच्यावर येऊन आदळली. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून १ मराठा येऊन मिळाली.

पण या छत्र्यांचा खरा परिणाम पुलापेक्षा मोठा झाला. बाहेरच्या बातम्यांमध्ये आकडा फुगून पाच हजार छत्रीधारी सैनिक उतरले असं पसरलं आणि ढाक्यात बसलेल्यांना वाटलं, अख्खी ब्रिगेड दारात आली. अफवेचा आकडा खोडून काढायची भारताला काहीच घाई नव्हती.

इकडे न्यूयॉर्कचं घड्याळ चालूच. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत युनियनने तीनदा व्हेटो वापरला. ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदीच्या बाजूने १०४ आणि विरोधात फक्त ११ मतं पडली, आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो एवढाच आधार. अमेरिकेने एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. मॉस्कोसुद्धा किती दिवस सगळ्या जगाला एकट्याने अडवणार? तिकडे ढाक्यात १४ डिसेंबरच्या आसपास पाकिस्तानी लष्कराच्या बाजूच्या अल-बद्र या सशस्त्र टोळीच्या लोकांनी प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरातून उचलून नेऊन मारले. प्रत्येक दिवसाची किंमत माणसांत मोजली जात होती, हे आठवलं की 'वेग' हा शब्द मला कोरडा डावपेच वाटत नाही.

ढाका नेमकं कधी ठरलं, हा वाद अजून मिटलेला नाही. सुरुवातीच्या लेखी आदेशात चितगाव आणि खुलना या बंदरांवर भर होता, ढाक्याचं नाव ठळकपणे नव्हतं. जेकब यांचं म्हणणं, की ढाका हेच लक्ष्य असलं पाहिजे हा आग्रह त्यांचा होता. बाकीचे अधिकारी म्हणतात, ते सगळ्यांच्याच मनात होतं. मला वाटतं दोन्हीत तथ्य आहे, ढाका हवं होतं पण युद्धबंदीच्या आधी मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून योजना अशी ठेवली की मध्येच थांबावं लागलं तरी हातात बराच मुलूख असेल आणि वाट मोकळी मिळाली तर ढाका. वाट मोकळी झाली ती मेघनेवर आणि तंगाईलला.

आता शेवटचा टप्पा, आणि इथे लढाई जवळजवळ पूर्ण मनाची आहे. १४ डिसेंबरला गव्हर्नर हाऊसमध्ये मीटिंग असल्याचा संदेश भारताने पकडला आणि थोड्याच वेळात मिग विमानांनी त्या इमारतीवर रॉकेटं सोडली. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी तिथेच कागदाच्या चिठोऱ्यावर राजीनामा लिहिला आणि इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात आसरा घेतला. माणेकशॉंची पत्रकं वरून पडत होती, रेडिओवर आवाहन चालू होतं की शरण या, जिनिव्हा कराराप्रमाणे वागवू. मुक्तिबाहिनीच्या हातात सापडलो तर काय होईल ही पाकिस्तानी सैनिकांना भीती होती, त्यामुळे या आश्वासनाला फार वजन होतं. १६ तारखेच्या सकाळी उत्तरेकडून आलेल्या आपल्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल नागरा मीरपूरच्या पुलापाशी पोचले, ते नियाझींना आधीपासून ओळखत होते, त्यांनी चिठ्ठी पाठवली की मी आलोय, खेळ संपलाय, माझ्या स्वाधीन व्हा. दुपारी जेकब शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्यात उतरले. जेकब यांनी नंतर लिहिलंय की त्या वेळी ढाक्यात नियाझींकडे २६ हजारांवर सैनिक होते आणि बाहेर भारताचे जेमतेम तीन हजार. अजून काही आठवडे लढता आलं असतं. पण बाकी सैन्य ठिकठिकाणच्या किल्ल्यांत अडकलेलं, आकाश आणि समुद्र बंद, आणि ज्यांच्या भरवशावर थांबायचं ती बाहेरची मदत येत नाही हे दिसलेलं. साडेचारच्या सुमाराला रेसकोर्सवर, लोकांसमोर, सही झाली. बोगरा, खुलना, सिल्हेट, चितगाव इथल्या फौजांनी मग एकामागोमाग एक शस्त्रं ठेवली, सगळे मिळून सुमारे ९३ हजार युद्धबंदी. पूर्वेकडे भारताचे चौदाशेच्या आसपास जवान गेले.

दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिमेकडे स्वतःहून युद्धबंदी केली. आणि एक भाग ज्याकडे आपलं लक्ष कमी जातं, तो म्हणजे परतणं. दुसऱ्या देशात शिरलेलं सैन्य तिथे रेंगाळलं की कालचे मित्र त्याला परका कब्जा म्हणायला लागतात, आणि इथे तर जगातल्या बहुतेक देशांनी बांगलादेशला मान्यताही दिलेली नव्हती. शेख मुजीब १० जानेवारी १९७२ ला ढाक्यात परतले, भारतीय सैन्य कधी जाणार हा प्रश्न त्यांनी इंदिरा गांधींकडे लगेच काढला, आणि मार्चच्या मध्यापर्यंत, ठरलेल्या तारखेच्या आधीच, ढाक्याच्या स्टेडियमवर निरोपाची परेड होऊन आपलं सैन्य निघालंसुद्धा. युद्धबंद्यांचा प्रश्न मात्र १९७४ पर्यंत चालला, पण तो शिमला आणि त्यानंतरच्या करारांचा विषय, त्यावर वेगळं लिहावं लागेल.